वाचकांचे प्रश्न : टीसीएल रोज टाकतो, तरी ओटी निगेटिव्ह का?

गावच्या पाण्याची तपासणी आणि पाण्याच्या जोखमीनुसार मिळणारी जिल्हा परिषदेची रंगीत कार्डे यांविषयी बरीच पत्रे आली. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर, आणि ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे रसायनाचे थेंब टाकून रंगावरून पाहण्याची चाचणी; रंग आला नाही तर ती निगेटिव्ह. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला यंदा पिवळे कार्ड मिळाले. जलसुरक्षक रोज सकाळी टाकीत टीसीएल टाकतो, नोंदवही पूर्ण आहे. तरी वाडीच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट निगेटिव्ह येते. चूक कुठे आहे? – एक सरपंच

उत्तर : आधी कार्डाचे. ते एका ओटी टेस्टवर ठरत नाही. पावसाळ्याआधी एप्रिलमध्ये आणि नंतर ऑक्टोबरमध्ये स्वच्छता सर्वेक्षण होते. त्यात उद्भवाचा (म्हणजे विहीर, बोअर अशा पाण्याच्या स्रोताचा) परिसर, वाहिन्यांची गळती, व्हॉल्व्हचे खड्डे, नळखड्डे, टीसीएलचा साठा असे सगळे पाहतात. पिवळे म्हणजे मध्यम जोखीम, लाल म्हणजे तीव्र. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले आणि पाण्यामुळे साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड मिळते.

आता ओटीकडे येऊ. नोंदवहीत टीसीएल टाकल्याची नोंद असते, शेवटच्या नळाला क्लोरीन पोहोचल्याची नसते. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन (घाणीशी संयोग न झालेले) उरायला हवे. ते वाटेत कुठे संपते, हे एकेक ठिकाण तपासून शोधावे लागते.

पहिले ठिकाण पावडरीची गोणी. प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, त्यामुळे ५ ग्रॅममधून लिटरमागे साधारण १.६ मिलिग्रॅम मिळते. पावडर २० टक्क्यांवर उतरली की हेच १ मिलिग्रॅम होते, आणि १० टक्क्यांवर उतरली की अर्धा. २० टक्क्यांखालची पावडर वापरू नये. पावडर नुसती बघून हे कळत नाही. तिचा नमुना आरोग्य विभागामार्फत प्रयोगशाळेत पाठवा.

दुसरे ठिकाण टाकी, आणि आमच्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात. भरलेल्या टाकीत वरून द्रावण ओतले तर ते नीट मिसळत नाही. टाकी पाव ते एक तृतीयांश भरल्यावर, पंप चालू असताना द्रावण सोडा. पडणाऱ्या पाण्याबरोबर ते आपोआप मिसळते. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडू नका. टाकी दिवसातून दोनदा भरत असेल आणि टीसीएल एकदाच पडत असेल, तर संध्याकाळचे पाणी बिनक्लोरीनचे जाते. तळाशी गाळ साचला असेल तर बराचसा क्लोरीन तोच खाऊन टाकतो.

तिसरे ठिकाण वाहिनी. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो आणि गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटार लावली की हा ओढा आणखी वाढतो. पाण्याला दाब नाही म्हणून घरासमोर खणलेले नळखड्डे तर सांडपाणी आत घेण्यासाठी उघडी तोंडेच असतात. टाकीजवळच्या घरी ओटी पिवळी आणि पुढे एका ठिकाणापासून एकदम पांढरी येत असेल, तर त्या दोन नळांमधली वाहिनी उकरून पाहा. अशा वेळी टीसीएल वाढवून उपयोग नाही.

म्हणून ओटी रोज तीन ठिकाणी करा : टाकीजवळ, मध्यावर आणि शेवटी. थेंब टाकताच, पहिल्या दहा सेकंदांत रंग पाहा. लगेच येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. हळूहळू चढणारा रंग संयुक्त, म्हणजे घाणीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो आणि तो जंतू मारण्यात फार कमजोर. पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तरी पिवळा रंग येतो, हे लक्षात ठेवा. ओटीचे रसायन विषारी आहे. तपासलेले पाणी कोणी पिणार नाही, जनावरांपुढे पडणार नाही, असे फेका.

प्रश्न : आमच्याकडे टाकी नाही, सार्वजनिक विहीर आहे. डोस कसा काढायचा? – एक जलसुरक्षक

उत्तर : व्यास मीटरमध्ये मोजा. त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, ४ ने भागा, मग १००० ने गुणा. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर येतात, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम टीसीएल. पाण्याची पातळी बदलते, तसा डोस बदलतो. मे महिन्यातला आकडा जुलैत चालत नाही.

प्लॅस्टिकची बादली घ्या, धातूची गंजते. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको, म्हणजे इथे चार बादल्या. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. खाली बसतो तो चुना. तो विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होते. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती दोराने पाण्याखाली सोडा आणि खालीवर, आडवी हलवा. हे काम रात्री, उपसा थांबल्यावर करावे. पावसात पाणी गढूळ झाले तर आधी तुरटीने गाळ बसवा, टीसीएल त्यानंतर. किती डोस लागेल याची शंका असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून हॉरॉक्स संच मागवा. सहा पांढऱ्या कपांपैकी तिसऱ्यात पहिल्यांदा निळा रंग आला, तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, असा त्याचा हिशोब.

प्रश्न : गोणी सहा महिन्यांची आहे. चालेल का? – ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : तपासल्याशिवाय नको. हवा, ऊन आणि ओल यांनी क्लोरीन उडून जातो. गोणी फळीवर, अंधाऱ्या कोरड्या खोलीत, तोंड घट्ट बांधून ठेवा. खते, कीटकनाशके, डिझेल आणि ॲसिड तिच्या जवळपास नको. वर्षभराचा साठा एकदम घेण्याऐवजी थोडा थोडा घ्या.

प्रश्न : पाण्याला वास येतो म्हणून लोक हंडे भरत नाहीत. – एक आशा सेविका

उत्तर : लोकांची तक्रार खरी आहे, ती झटकू नये. पहिल्या घरांना उग्र वास आणि शेवटच्या घरांना काहीच नाही, याचा अर्थ टीसीएल मिसळलेले नाही. आणि उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, असेही नसते. घाणीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा वासच जास्त येतो. ओटीचा रंग त्यांच्या दारातच दाखवा. भरलेले भांडे थोडा वेळ झाकण काढून, वर फडके बांधून ठेवले की वास कमी होतो.

प्रश्न : प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेट ४५ च्या वर आले. टीसीएल वाढवावे का? – एक शिक्षिका

उत्तर : नाही. टीसीएल जंतू मारते, नायट्रेट किंवा फ्लोराइड काढत नाही. उकळल्यावर पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाचे वरचे दूध या पाण्यात मुळीच कालवू नये, त्याच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. अशा उद्भवावर 'पिण्यास अयोग्य' असे ठळक लिहा, दुसरा उद्भव वापरात आणा आणि गटविकास अधिकाऱ्यांमार्फत ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला अहवालासह लेखी कळवा. विहिरीपासून १५ मीटरच्या आत उकिरडा किंवा शौचालयाचा शोषखड्डा असेल तर तो हलवा. फेरतपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने विसळून भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र विसळायची नसते. तिच्यात क्लोरीन मारणारे औषध आधीच घातलेले असते आणि ती बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते.