बी१ पास झालंय पण तोंड उघडत नाही, त्याबद्दल

तुम्ही विचारलंय की जर्मनची बी१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा, पास झालोय, चार महिन्यांनी निघायचंय, पण क्लासमध्ये नाव घेतलं की डोकं कोरं होतं, मग तिकडे कसं निभणार. खरं सांगू का, माझं त्याच्या पुढचं बी२ झालेलं होतं तरी पहिले कित्येक आठवडे फोन वाजला की मी तो वाजून वाजून बंद व्हायची वाट बघत बसायचे.

ह्याचा हुशारीशी काही संबंध नाही हो. परकी भाषा शिकतानाची भीती ही वेगळीच चीज आहे हे हॉर्विट्झ वगैरे अभ्यासक मंडळींनी १९८६ मध्येच मांडलं, ती मोजायला ३३ वाक्यांची प्रश्नावलीही काढली.

मला भीतीपेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. मराठीत मी चांगली तोंडाळ बाई, आणि तिकडे चारचौघांत माझं वाक्य मनात जुळून शेवटचं क्रियापद सापडेपर्यंत विषय बदललेला असायचा, त्यामुळे लोकांना वाटायचं ही किती शांत स्वभावाची! एकदा ऑफिसात खिडकी उघडी होती म्हणून मी म्हणाले, 'इश बिन काल्ट', म्हणजे मी थंड मनाची बाई आहे. म्हणायचं असतं 'मीअ इस्ट काल्ट', अगदी आपल्या 'मला थंडी वाजतेय' सारखं 'मला'पासून सुरू होणारं. मधे इंग्लिशचं 'आय अ‍ॅम कोल्ड' घातलं म्हणून घोळ झाला. तीन लिंगं पण आपल्याकडे आहेतच, फक्त तिकडे सूर्य बाई आणि चंद्र पुरुष, कुठलं काय ते पाठच करा.

आणि नुसतं व्हिसासाठी शिकत असाल तर सर्टिफिकेट हातात आलं की गाडी थांबते, माझी थांबलेली. डर्न्येई नावाचे अभ्यासक म्हणायचे की त्या भाषेत आपल्याला कोण व्हायचंय ते चित्र डोळ्यांपुढे असलं की माणूस शिकत राहतो. माझं चित्र फार काही थोर नव्हतं, घरमालकाशी फोनवर भांडता आलं पाहिजे एवढंच.

आता चार महिन्यांत नवीन व्याकरण नका घेऊ, अडकल्यावरची वाक्यं घोटा. 'नोखमाल, बिटे', परत सांगा. 'मीअ फेल्ट डास वोर्ट', शब्द सुचत नाहीये. समोरचा तुमची दया येऊन इंग्लिशवर गेला तर 'बिटे आउफ डॉइच'. मी ही तीन एका चिठ्ठीवर लिहून फोनजवळ चिकटवली होती, घरमालकाशी पहिलं भांडण त्या चिठ्ठीवरच झालं, हरले मी, पण सगळं जर्मनमध्ये.