ऑफ-सेंटर डायपोलमध्ये सेगमेंट वाढवले की इम्पीडन्स का बदलतो?

तुमच्या डायपोलची (दोन हातांच्या अँटेनाची) तार 41 मीटरची, फीड (केबल जोडायची जागा) टोकापासून एक-तृतीयांशावर, आणि मॉडेलमध्ये तारेचे सेगमेंट (हिशेबासाठी पाडलेले तुकडे) 10, 20, 30 केले की दर वेळी इम्पीडन्स (फीडपाशी करंटला होणारा एकूण विरोध) वेगळा. प्रोग्राम बिघडलेला नाही. एनईसी-2 या अँटेनाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये सोर्स (मॉडेलमध्ये अँटेनाला सिग्नल देणारा भाग) तारेवरच्या एका बिंदूला लागत नाही, अख्ख्या सेगमेंटला लागतो. त्याची जागा म्हणजे त्या सेगमेंटचा मध्य. 10 सेगमेंटला तुमचा फीड 35 टक्क्यांवर बसला, 20 ला साडेबत्तीसवर. 30 ला एक-तृतीयांश नेमका दोन सेगमेंटच्या सांध्यावर येतो, म्हणून फीड 31.7 वर तरी जातो किंवा 35 वर. म्हणजे तुम्ही दर वेळी निराळाच अँटेना तपासलात. मध्यावर फीड असलेल्या अर्ध-तरंग डायपोलमध्ये हे झाकून जातं, कारण तिथे करंट जवळपास सपाट असतो. तुमच्या फीडपाशी, विशेषतः वरच्या बँडवर (जास्त फ्रिक्वेन्सीला), तो भराभर बदलतो.

कागदावर मांडून बघा: तारेचे समान भाग कितीही करा, एक-तृतीयांश कधीच सेगमेंटच्या मध्यावर येत नाही. 33 टक्के चालणार असतील तर 150 सेगमेंट करून 50व्याला सोर्स द्या, बरोबर 33 येतात. सेगमेंट 27 सेंटिमीटरचा होतो, 10 मीटर बँडलाही पुरेल इतका बारीक. नाहीतर फीडच्या जागी तीन सेगमेंटची छोटी तार घाला आणि सोर्स मधल्या सेगमेंटला द्या. एकच पथ्य: सोर्सच्या दोन्ही बाजूंचे सेगमेंट सोर्सच्या सेगमेंटएवढेच लांब आणि तेवढ्याच जाडीचे हवेत.

पण मला जास्त काळजी वाटते ती केबलची. ऑफ-सेंटर फीडला दोन्ही बाजू सारख्या नसतात, त्यामुळे कोॲक्स केबलच्या ब्रेडच्या (धातूच्या जाळीच्या आवरणाच्या) बाहेरच्या अंगावरून करंट खाली वाहतो आणि केबलच अँटेनाचा तिसरा हात होते. मॉडेलमध्ये ती नसेल तर आलेला आकडा तुमच्या गच्चीवरच्या अँटेनाचा नाही. सोर्सच्या सेगमेंटच्या एका टोकाशी तार तोडून सांधा करा, आणि तिथून ब्रेडच्या बाहेरच्या व्यासाची तार केबलच्या खऱ्या वाटेने खाली आणा. केबल खाली अर्थ केलेली असेल तर तार तिथवर न्या. केबलवरचा हा करंट अडवणारा चोक मॉडेलमध्ये म्हणजे या तारेच्या वरच्या सेगमेंटवर टाकलेला लोड (जोडलेला विरोध). सुरुवातीला दोन-तीन हजार ओहम घ्या. मग केबलची लांबी दोन-तीन मीटरने बदलून पुन्हा चालवा. इम्पीडन्स अजूनही हलत असेल तर चोक कमी पडतोय.