लोकल वेळेवर आली तर 'हो' समजू का?

देवाची इच्छा कळत नाही म्हणून विश्वासी ख्रिस्ती माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा विषय बहुतेकदा तीनच असतात: लग्न, नोकरी, नाहीतर जागा. मुंबईत तिसरा विषय पहिल्या दोहोंच्या डोक्यावर बसलेला असतो. शालिनीचे (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) शेवटचे दोन्ही होते.

वय एकतीस, भांडुपला वडिलांसोबत राहणारी, अंधेरीला नोकरी. कंपनीने पुण्याच्या शाखेत बढती देऊ केली होती आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं. तिने शुक्रवारचे उपास धरले. डोळे मिटून पवित्र शास्त्र (बायबल) उघडलं आणि बोट ठेवलं, तर बोट पडलं वंशावळीवर. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत तिला चिठ्ठीत निघालेलं वर्षाचं वचन स्तोत्र १२१ मधलं होतं, परमेश्वर तुझं जाणं-येणं सांभाळील असं. "ताई, त्यात जाणंही आहे आणि येणंही आहे! आता काय समजू?" प्रार्थना गटातल्या एका भगिनीला 'दार उघडलंय' असं दिसलं होतं, दुसरीला 'थांब' असं.

"आता गिदोनासारखी लोकर ठेवते. सोमवारी माझी नेहमीची लोकल वेळेवर आली तर जायचं."

(बायबलमधल्या गिदोनाने देवाकडे खूण मागताना रात्री खळ्यात लोकर ठेवली होती: दव फक्त तिच्यावर पडावं.) एवढा भार लोकलवर टाकू नये असं मनात आलं, पण बोलले नाही. आधी झोप, भूक, कामातलं लक्ष याबद्दल विचारलं. चूक होईल या धास्तीने तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणावी लागणं, पापाच्या भीतीने रात्र रात्र जागणं, आज्ञा करणारे आवाज ऐकू येणं, असं काही असेल तर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते आणि पाळकांनाही (चर्चच्या धर्मगुरूंनाही) तेच सांगते. शालिनीला तसा त्रास नव्हता. ती नुसती दमली होती.

मग गिदोनाची गोष्ट जिथे आहे तो बायबलमधल्या शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय उघडला. गिदोनाने लोकर ठेवली ती काय करायचं हे विचारायला नव्हे. 'जा आणि इस्राएलाला सोडव' हे त्याला आधीच सांगून झालं होतं. लोकर ठेवताना तो स्वतःच म्हणतो, 'तू म्हटल्याप्रमाणे.' आज्ञा स्पष्ट होती, पाय उचलत नव्हते. देवाने त्याला सांभाळून घेतलं, पण ती रीत म्हणून इतरांना घालून दिलेली नाही.

"समजा, चिन्ह मिळालं. मग काय होईल?" मी विचारलं.

तिने बराच वेळ घेतला. "पुढे काही बिघडलं तरी मी चुकले असं होणार नाही."

माझ्या मते गाठ इथेच होती. वरून ती आज्ञाधारकता दिसते, पण आत निर्णयाची जबाबदारी देवाच्या नावावर चढवण्याची धडपड असते. असा माणूस मला आळशी किंवा ढोंगी कधीच वाटला नाही. बहुधा घरात चुकीला माफी नसते तिथे तो वाढलेला असतो.

पुण्याचं बाजूला ठेवून मी विचारलं, देवाची इच्छा म्हणून शास्त्रात सरळ लिहिलेलं काय काय माहीत आहे? ती रविवारच्या शाळेत शिकवते, तिला सगळं पाठ होतं. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात दोनदा 'देवाची इच्छा' येते: चौथ्या अध्यायात पवित्र राहा म्हणून, पाचव्यात सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हणून. मीखा ६:८, म्हणजे न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रतेने चाल, हे तिने न बघता म्हटलं. मत्तय ५:२३-२४ वर मात्र अडखळली. वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर.

भायखळ्याच्या चाळीतल्या खोलीवरून भावाशी बोलणं बंद होतं. प्रभुभोजनाच्या रविवारी दोघं मंदिराच्या (चर्चच्या) दोन टोकांना बसत. (मारहाण किंवा फसवणुकीचं प्रकरण असतं तर मी 'जा' असं इतक्या सहज म्हटलं नसतं. हे साधं रुसवा-रागाचं होतं.) आणि बढतीचं वडिलांना अजून सांगितलेलंच नव्हतं. "देवाचं उत्तर आलं की सांगणार होते."

पुढच्या भेटीआधी एवढंच करायचं ठरलं: भावाला फोन, वडिलांशी बोलणं. उपास नाही, लोकर नाही.

भाऊ तुटक बोलला. खोलीचा वाद तसाच राहिला, पण वडिलांना डोळे तपासायला नेण्याचं त्याने कबूल केलं. वडिलांनी तर तिला गारच केलं. "मला कधीचं नगरला बहिणीकडे जाऊन राहायचंय. तुला एकटीला कसं टाकू, म्हणून थांबलोय."

कुठल्या चिन्हाने हे कळलं असतं? याकोब १:५ मध्ये बुद्धी मागायला सांगितलंय, आणि ती कधीकधी बापाच्या तोंडून जेवणाच्या ताटावर मिळते. मग आम्ही कागद घेतला: पगार, तिकडचं भाडं, जवळची मराठी मंडळी (म्हणजे मराठी चर्च), नगरचं अंतर. दोन्ही वाटांत पाप नव्हतं, म्हणून प्रार्थना करून तिने स्वतः निवडलं. पुणं.

महिन्याभरात तिचा फोन. ज्या खोलीत राहत होती तिथल्या मुलीशी रोज खटके, ऑफिसात जुनी माणसं नाराज. "देवाची इच्छा नव्हती का, ताई?"

मी तिला प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय वाचायला लावला. प्रेषित पौलाला आधी आसिया प्रांतात वचन सांगायला मनाई होते, मग बिथुनियाला जाऊ दिलं जात नाही. शेवटी दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस दिसतो, आणि देवानेच बोलावलंय असं ते अनुमान काढतात. निघतात, फिलिप्पैला पोचतात, तिथे फटके बसतात आणि तुरुंगात पायांत खोडे पडतात. वाट चुकली होती असं हे पुस्तक लिहिणारा लूक कुठेही लिहीत नाही.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणजे खोली बदलली तर चालेल?"

"बदल की. आणि त्यासाठी शुक्रवार धरू नकोस."