कृष्णधवल साहसपट पाहताना सुरुवातीला एवढे सांभाळा

जुने पोशाखी, म्हणजे गतकाळातल्या वेशभूषेतले, साहसपट पाहायला कोठून सुरुवात करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी निःशंकपणे ‘द सी हॉक’ (1940) सुचवेन, मात्र काटछाट केलेली प्रत टाळून पूर्ण 127 मिनिटांचीच मिळवा.

आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्यात दुपारी कितीही पडदे ओढले तरी खोलीत उजेड शिरतोच आणि करड्या रंगाच्या गडद छटा त्यात विरून जातात, म्हणून हा कृष्णधवल चित्रपट रात्री, दिवे मालवूनच पाहावा. अखेरच्या तलवारयुद्धात दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांनी लढणाऱ्यांच्या प्रचंड सावल्या भिंतींवर खेळवल्या आहेत. नवखा प्रेक्षक तलवारींच्या पात्यांकडेच पाहत राहतो, तुम्ही त्या सावल्यांवरही नजर ठेवा, कारण रंगीत चित्रणात हा परिणाम इतक्या धारदारपणे क्वचितच साधतो.

पनामातील प्रसंग एकदम तपकिरी झाले, तर प्रत बिघडली असे समजू नका. ते मुळातच तसे होते.

नायक थॉर्प काल्पनिक आहे, तेव्हा इतिहासाचा ताळा करत बसणे ही नेहमीची चूक टाळावी. संगीतकार कॉर्नगोल्ड यांचे भव्य वाद्यवृंदाचे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणे हा तर त्यावर अन्यायच आहे. छायाचित्रणाचे तंत्र दुसऱ्या खेपेला पाहू.