ताडपत्रीत ताड नाही, टार्पॉलिनमध्ये डांबर होतं

प्रश्न: 'टार्पॉलिन'चा नेमका अर्थ काय, आणि आपली 'ताडपत्री' त्यावरूनच आली का?

पाणी आत शिरू न देणारं जाड, सुटं आच्छादन म्हणजे टार्पॉलिन. ट्रकवर, धान्याच्या थप्पीवर, गळक्या छपरावर टाकतात ते. बोलताना नुसतं 'टार्प'. 'सुटं' हे महत्त्वाचं. कडेच्या भोकांतून दोरी ओवून बांधायचं, काम झालं की घडी घालून ठेवायचं. दारा-खिडकीवर चौकटीत ताणून बसवलेलं कापड म्हणजे 'ऑनिंग'. अनुवादात या दोन्हींना ताडपत्री म्हटलं की घोळ होतो.

शब्द साधारण १६०० च्या सुमाराचा, जहाजांवरचा. टार अधिक पॉल. शेवटचं 'इन' हे मूळचं 'इंग'. टार म्हणजे डांबर, पण रस्त्यावरचं नव्हे. पाइनचं लाकूड कोंडून जाळलं की पाझरतो तो काळा चिकट द्रव. तो कॅनव्हासला चोपडला की कापडाची छिद्रं बुजत. पॉल म्हणजे जाड पांघरूण, लॅटिन 'पालियम'वरून. पालियम म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. शवपेटीवर घालतात तो पॉलही हाच, आणि धुराचं सावट पसरलं की इंग्रजीत धुराचा 'पॉल' पसरतो तोही हाच. 'पॅलिएटिव्ह' उपचारही याच घराण्यातले: रोग जात नाही, वेदनेवर पांघरूण पडतं. (कंटाळा येणे या अर्थाचं क्रियापद 'पॉल' मात्र वेगळ्या कुळातलं, दिसायला सारखं इतकंच.)

सतराव्या शतकात टार्पॉलिन म्हणजे खलाशी असाही अर्थ होता. खलाशाचं इंग्रजी टोपणनाव 'जॅक टार' त्यातलंच असावं. तेव्हाच्या इंग्रजी आरमारात 'टार्पॉलिन कॅप्टन' म्हणजे डेकवर राबून वर चढलेला, खानदानी वशिल्याने आलेला नव्हे. जुन्या मजकुरात तो भेटला तर 'ताडपत्रीचा कप्तान' करू नका.

आता ताडपत्री. हिंदीत टार्पॉलिनचं तिरपाल झालं. मराठी कानाने त्याच आवाजात ओळखीचं ताडपत्र ऐकलं आणि शब्द तसा वळवला, असं माझं मत. अनोळखी शब्दाला घरचा अर्थ चिकटवायची ही खोड सगळ्याच भाषांना आहे. त्या कापडाचा ताडाच्या पानाशी काहीएक संबंध नाही. म्हणूनच जुनी पोथी 'ताडपत्रावर' लिहिलेली असते; 'ताडपत्रीवर' लिहिलं की ती थेट ट्रकच्या टपावर जाते.