‘ही तुझीच कहाणी ना?’

प्रश्न : माझे वय 47 असून मी साताऱ्यात एका कार्यालयात नोकरी करते. गेली वीस वर्षे मी कविता लिहीत आहे, पण त्या चार वह्यांच्या बाहेर गेलेल्या नाहीत. आमच्या वाचनालयाने कोजागिरीच्या कविसंमेलनात मला दोन कविता वाचायला सांगितले आहे आणि पत्रिकेत नावही छापले आहे. काही वर्षांपूर्वी एका घरगुती समारंभात मी एक कविता वाचली, तेव्हा हातातला कागद थरथरू लागला आणि आवाज बसला. सर्वांचे जेवण उरकल्यावर एकटीच जेवायला बसणाऱ्या बाईची ती कविता होती. वाचून होताच मोठ्या जाऊबाईंनी सर्वांसमोर विचारले, “ही तुझीच कहाणी ना गं?” यजमान दोन दिवस गप्प होते. तेव्हापासून मी कोणालाही काही दाखवलेले नाही. आता नाव मागे घ्यावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाव मागे घेऊ नका. आपल्या पत्रात दोन भीती एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्यांतली एक बरीच सोपी आहे, म्हणून ती आधी हातावेगळी करू.

सभेपुढे उभे राहिले की आपली थरथर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसत असणार, असे वाटते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या जणांनी ते चित्र ओळखले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश जणांनाच ते सांगता आले. पुढे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आपली धास्ती श्रोत्यांना आपल्याला वाटते तितकी दिसत नाही, एवढे ज्यांना भाषणाआधी समजावून सांगितले होते, त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस ठरली. कागदाची थरथर मात्र खरोखरच दिसते, कारण सुटा कागद बोटांच्या हालचालीला मोठे करून दाखवतो. तेव्हा कविता ठळक अक्षरांत लिहून जाड पुठ्ठ्याला लावून न्या. “मी काही कवयित्री नाही, चुकले तर सांभाळून घ्या” अशी प्रस्तावनाही करू नका. कवितेपेक्षा लांबलेल्या अशा प्रस्तावना मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि त्यांनी कवितेचे कधी भले झालेले पाहिले नाही.

दुसरी भीती जाऊबाईंच्या प्रश्नाची आहे आणि माझ्या मते त्या समारंभानंतर वह्या बंद राहिल्या त्या तिच्यामुळेच. कविता वाईट ठरेल, यापेक्षा ती खरी ठरेल, याचे आपल्याला भय वाटते आहे. गावातल्या, नात्यातल्या श्रोत्यांपुढे, त्यातही बाईने वाचले की, कवितेतली ‘मी’ म्हणजे वाचणारीच, असा हिशेब क्षणात मांडला जातो. इंदिरा संत यांचे पती 1946 मध्ये निवर्तले आणि त्यानंतरच्या त्यांच्या विरहाच्या कवितांमध्ये वाचकांनी व समीक्षकांनी त्यांचे आयुष्य सतत शोधले. असा शोध कोणालाच थांबवता येत नाही. पण आज ज्यांना त्यांच्या संसाराची काहीच माहिती नाही, अशा वाचकांपर्यंतही त्या कविता पोहोचतात, हेही तितकेच खरे आहे. जाऊबाईंच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही. “अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतीलच ना?” एवढे हसून विचारले तरी बोलणे आपल्या घरातून निघून कवितेकडे वळते.

यजमानांचे मौन ही मात्र वेगळी बाब आहे. ते कवितेमुळे दुखावले की चारचौघांत ती अचानक कानावर पडल्यामुळे, हे आपण विचारलेले दिसत नाही. या वेळी दोन्ही कविता त्यांना आधी वाचून दाखवा. मी त्यांची परवानगी घ्यायला सांगत नाही; निदान त्यांना सभेत धक्का बसणार नाही. त्यांना एखादी कविता फारच झोंबली, तर ती या खेपेला मागे ठेवण्याचा निर्णय आपण घेऊ शकता आणि तो भित्रेपणा ठरत नाही. चार वह्यांत दुसरी कविता नक्की सापडेल.

आपले चुकले ते कविता वाचण्यात नव्हे, श्रोत्यांच्या क्रमात. पहिलाच श्रोतृवर्ग सासरचा निवडणे हे धाडस मीही केले नसते. पुण्यात 1923 साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले कवी आधी आपापसांत जमून एकमेकांना कविता ऐकवत आणि मग त्या लोकांपुढे नेत. त्यामुळे त्यांची थट्टा टळली नाही. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने त्यांच्या शैलीची विडंबने केली आणि महाराष्ट्र त्यांवर पोट धरून हसला. तरीही मंडळातले माधव जूलियन 1936 मध्ये जळगावच्या आणि यशवंत 1950 मध्ये मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आपल्यासाठी मंडळ म्हणजे कविता वाचणारी, पण नात्यातली नसलेली एक-दोन माणसे. वाचनालयातच ती भेटतील. त्यांना “कशी वाटली?” असे विचारू नका, कारण त्यावर “छान” याखेरीज उत्तर येत नाही. “कोणत्या ओळीला लक्ष उडाले?” असे विचारा आणि त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा. मंचावर पहिली कविता लहान आणि पाठ असलेली घ्या, म्हणजे आवाज बसलाच तरी सावरायला दुसरी हाताशी राहील. एकटीने जेवणाऱ्या त्या बाईची कविता मला पत्रातल्या एका वाक्यावरूनच ऐकावीशी वाटली. ती दुसरी ठेवता आली तर पाहा.