‘ताई, तिथलं विद्यापीठ नोकरी लावून देतं का?’

तू तीन गोष्टी विचारल्यास. जर्मनीत मास्टर्स केल्यावर विद्यापीठाची करिअर सर्व्हिस नोकरी लावून देते का, पदवी हातात पडल्यावरही ती मदत करते का, आणि संभाजीनगरचा एजंट ‘शंभर टक्के करिअर सपोर्ट’ म्हणून वेगळे पैसे मागतोय, ते द्यावेत का. शेवटचं आधी सांगते. देऊ नकोस. तो जे विकतोय ते इकडं विद्यार्थ्याला विद्यापीठातच फुकट मिळतं.

आता नोकरीचं. आपल्याकडं प्लेसमेंट म्हटलं की कंपनी कॉलेजात येते, अ‍ॅप्टिट्यूड, जीडी, इंटरव्ह्यू होतो आणि संध्याकाळी यादी लागते. इकडं कुणी असं पोरं उचलून नेत नाही. अधूनमधून मेळा भरतो, कंपन्या टेबलं मांडून बसतात, पेनं आणि पिशव्या वाटतात. एरवी करिअर सर्व्हिस म्हणजे मोजके सल्लागार, त्यांची अपॉइंटमेंट, अर्जाची तपासणी, मुलाखतीची तालीम आणि नोकऱ्यांचं पोर्टल. अर्ज आपला आपणच करायचा. मी तीन सेमिस्टर तिकडं फिरकलेच नाही. कामून, तर नोकरीचं शेवटच्या वर्षी बघू, असं डोक्यात.

पहिल्यांदा गेले ती तीन पानी बायोडेटा घेऊन. वर वडिलांचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका उदगीर. खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि सही. सल्लागार बाईंनी पेन्सिलीनं एकेक ओळ खोडत नेली. शेवटी दीड पान उरलं. फोटोचं तुझं तू बघ म्हणाल्या, २००६ च्या भेदभावविरोधी कायद्यापासून तो कुणी सक्तीनं मागू शकत नाही.

मग माझं वाळूजच्या कंपनीचं अनुभवपत्र वाचता वाचता त्या थबकल्या. ‘भांडून सोडली होती का नोकरी?’ मी म्हटलं, नाही हो, निरोपाला पेढे वाटले होते! पत्रात लिहिलेलं होतं, ‘हिचं काम समाधानकारक होतं.’ आपल्याकडं हे कौतुकच. पण इकडं नोकरी सोडताना मालकाकडून ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ नावाचं प्रमाणपत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क असतो, आणि त्यात कामगाराचं नुकसान होईल असं उघड लिहिता येत नाही. त्यामुळं सगळं गोडच लिहितात आणि खरा शेरा शब्दांत दडवतात. ‘सदैव आमच्या परिपूर्ण समाधानानुसार’ असेल तर उत्तम. नुसतं ‘आमच्या समाधानानुसार’ असेल तर जेमतेम पास. माझं पत्र त्या हिशेबात काठावर पास झालेलं! ही भाषा मला कुठल्याच पुस्तकात सापडली नसती. पुढं इथली पहिली नोकरी बदलली तेव्हा तिथलं प्रमाणपत्र मी आधी एका जाणकाराला दाखवलं आणि दोन शब्द बदलून घेतले.

मुलाखतीच्या तालमीत दुसरी गंमत. मी सांगत होते, आम्ही फिक्स्चर बदललं, आम्ही रिजेक्शन कमी केलं. बाई म्हणाल्या, ‘ते झालं, तुम्ही काय केलं?’ आपल्याकडं ‘मी मी’ करणारं माणूस डोळ्यांत खुपतं, घरातही तसं बोलू देत नाहीत. तीनदा तालीम केली तेव्हा तोंडातून निघालं की ते ड्रॉइंग मी काढलं होतं आणि रात्रपाळीला उभं राहून तपासलंही मीच होतं.

खरी नोकरी मात्र बऱ्याच जणांना दुसऱ्याच वाटेनं लागते. शिकता शिकता कंपनीत ‘वेर्कश्टुडेंट’ म्हणून अर्धवेळ काम, नाहीतर मास्टर्सचा प्रबंध कंपनीतच. माणूस डोळ्यांपुढं वावरलेला असला की त्याला ठेवून घेणं त्यांना सोपं जातं. आपल्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. म्हणून करिअर सर्व्हिसची पहिली अपॉइंटमेंट पहिल्याच सेमिस्टरला घे, आणि ती याच कामासाठी घे. सोबत जर्मन शिकत राहा. कोर्स इंग्रजीत असला तरी शॉपफ्लोअरवर सगळं जर्मन चालतं. बी-टू पातळी, म्हणजे कामाचं बोलणं अडखळता न करता येण्याइतकं जर्मन, नसली की मेकॅनिकलवाल्याचा अर्ज बऱ्याच ठिकाणी दारातच अडतो.

पदवीनंतरचं दर विद्यापीठाचं वेगळं आहे. आमच्याकडं सल्ला वर्षभर मिळत होता, पण विद्यापीठानं दिलेला ईमेल मात्र चार महिन्यांत बंद केला. पोर्टलचं लॉगिन त्यावरच. एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणंही त्यातच अडकलं आणि मला कळलं तेव्हा जागा भरलेली होती. कुणी आगाऊ सांगितलंसुद्धा नव्हतं. राग अजून गेलेला नाही. तू पहिल्या दिवसापासून अर्जांवर स्वतःचा ईमेल टाक, आणि निकालाच्या आधी विचारून घे की माजी विद्यार्थ्याला काय चालू राहतं आणि किती दिवस.

हे दिवस मोजायला लागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला जास्तीत जास्त १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि तो वाढत नाही. तेवढ्या काळात पोटापाण्याला कुठलंही काम करता येतं, हॉटेलातलंसुद्धा. विद्यापीठाची मदत संपली तर सरकारी रोजगार कार्यालय आहे, ‘आगेन्टुअर फ्युअर आर्बाइट’, तिथं नाव नोंदव. आपल्या जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयासारखं कार्ड काढून वाट बघत बसणं तिथं नसतं, तिथला माणूस खरंच बसून बोलतो. जुन्या विद्यार्थ्यांनाही लिही. ‘मला नोकरी द्या’ असं लिहू नकोस, ‘तुमच्या विभागात काय काम चालतं’ एवढंच विचार. मला दहातल्या तिघांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या एकीनं प्रबंधाची जागा सांगितली.

वाळूजची नोकरी एवढ्यात सोडू नकोस. एपीएसचं प्रमाणपत्र (आपली कागदपत्रं खरी असल्याचं), नांदेडहून ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी आधीच अडकवून ठेवायचे ११,९०४ युरो, सगळ्याला वेळ लागतो, तोवर पगार चालू राहू दे. आणि निघताना एचआरकडून अनुभवपत्र नीट लिहून घे: कोणत्या मशीनवर, कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत. मसुदा मला पाठव. ‘समाधानकारक’ कुठं दिसलं तर तू तिथं आहेस तोवरच बदलून घेऊ.